वाद्यवृंद पांगला, गायनवृंद राहिला

‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की पेण-रोह्याकडच्या बाईच्या डोळ्यांसमोर काय येतं? नवरात्रात मैदानावर बांधलेलं स्टेज, चकचकीत कोटातला निवेदक, किशोरकुमारची गाणी म्हणणारा एक, लताबाईंची म्हणणारी एक, मध्येच मिमिक्री आणि रात्री दहा वाजले की पोलिसांच्या धाकाने गुंडाळागुंडाळ. मेलडी मेकर्स, प्रमिला दातारांचं ‘सुनहरी यादें’ ही नावं आमच्या पिढीला तोंडपाठ. घरात मोठा आवाज करणाऱ्या पोरांनाही आपण म्हणतोच ना, ‘काय ऑर्केस्ट्रा लावलाय रे!’

आज मात्र मी सांगणार आहे ती दुसऱ्या ऑर्केस्ट्राची गोष्ट. साठ-सत्तर, कधी शंभर वादक. गाणारा कुणी नाही, माइक नाही, निवेदक तर नाहीच. प्रत्येकापुढे कागद, आणि सगळ्यांपुढे प्रेक्षकांकडे पाठ करून उभा असलेला एक माणूस. त्याला म्हणतात कंडक्टर. (आपला कंडक्टर एस.टी.तला. पण विचार केला तर काम तेच. चढणाऱ्या-उतरणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं आणि घंटी द्यायची.) या सिम्फनी ऑर्केस्ट्राला आपल्या मुंबईत नव्वद वर्षांचा इतिहास आहे. जमला, मोडला, पुन्हा जमला, पुन्हा पांगला, असा. आणि त्यातला एक तुकडा आपण सगळ्यांनी पहाटे चहाचं आधण ठेवता ठेवता ऐकलेला आहे.

आकाशवाणीची ती सुरुवातीची धून आठवा. बातम्यांच्या आणि भक्तिगीतांच्याही आधी वाजणारी. तंबोऱ्याचा सूर आणि त्यावर हळूच वर चढणारं व्हायोलिन. शिवरंजनीच्या वळणाची ही धून बांधली कुणी? तर वॉल्टर काउफमान नावाच्या एका ज्यू संगीतकाराने. त्याचा जन्म युरोपातल्या कार्लोव्ही व्हारी या गावचा, १९०७ चा. हिटलरची छाया पडायला लागली तसा हा १९३४ मध्ये मुंबईत आला. आल्यावर काही महिन्यांत त्याने ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ काढली आणि दर गुरुवारी कार्यक्रम करायला लागला. पुढे १९३७ पासून १९४६ पर्यंत तो मुंबई रेडिओवर युरोपीय संगीत विभागाचा प्रमुख होता. भारतीय संगीत त्याला आधी मुळीच कळलं नव्हतं. पण त्याने असा विचार केला की, हे संगीत मनापासून गाणाऱ्या माणसांनी घडवलंय, तेव्हा दोष असलाच तर माझ्या कानाचा. मग तो शिकत बसला, आणि पुढे उत्तर हिंदुस्थानी रागांवर त्याने जाडजूड ग्रंथ लिहिला. आपण ‘ते इंग्रजी रडगाणं’ म्हणून चॅनेल बदलतो, तेव्हा या माणसाची आठवण करायला हरकत नाही.

ज्यू म्हटल्यावर आपल्याकडे तरी कुणी बिचकू नये. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायली रायगडचेच. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर ही त्यांची आडनावं. घरात मराठी बोलायचे आणि कीर्तनंही मराठीतच करायचे. पेणला त्यांचं सिनेगॉग आहे.

त्या धुनेत व्हायोलिन वाजवलं ते मेहली मेहतांनी, असं सांगतात. मेहली म्हणजे मुंबईचे पारशी, जन्म १९०८ चा. बरंचसं स्वतःच्या कानाने आणि हट्टाने शिकलेले. या गृहस्थांनी १९३५ मध्ये ‘बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ काढला. काढला म्हणायला सोपं आहे हो! व्हायोलिनला पारशी आणि गोवेकर मिळाले. पण तुताऱ्या, बासऱ्या, ते मोठे पितळी भोंगे वाजवायला माणसं कुठून आणायची? ती आणली नौदलाच्या बँडमधून. कुणी हौशी, कुणी हॉटेलात रात्री नाचाचं संगीत वाजवणारे, कुणी गणवेशातले. असा हा मेळ कावसजी जहांगीर हॉलमध्ये बीथोव्हन वाजवायचा. (आज तिथे आधुनिक कलेचं सरकारी संग्रहालय आहे.) ज्यूल्स क्रेन नावाचे बेल्जियन संचालक ऑर्केस्ट्रापुढे उभे राहत. त्यांच्या पत्नी ओल्गा क्रेन नावाजलेल्या पियानोवादक आणि तेवढ्याच नावाजलेल्या शिक्षिका. त्या काळच्या मुंबईत पाश्चात्त्य संगीत शिकवणाऱ्या बऱ्याचशा बायकाच होत्या. पारशी आणि ख्रिस्ती घरांतल्या दिवाणखान्यात एक पियानो आणि दुपारभर रांगेने येणारी मुलं, असा तो कारभार. कार्यक्रमांची तिकिटं खपवण्यातही ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’सारख्या बायकांच्या संस्था पुढे असायच्या. ऑर्केस्ट्राच्या इतिहासात ही नावं शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात येतात.

बारीक अक्षरातलंच आणखी एक नाव तेहमिना मेहता. मेहलींना वाटलं की आपलं शिक्षण अपुरं आहे. चाळीस वर्षांकडे झुकलेले, दोन मुलगे पदरात, तरी १९४५ मध्ये ते न्यूयॉर्कला इव्हान गालामियन नावाच्या मोठ्या गुरूंकडे शिकायला निघून गेले. चार-पाच वर्षं परतले नाहीत. थोरला मुलगा झुबिन तेव्हा नऊ वर्षांचा, धाकटा झरीन त्याहून लहान. ही वर्षं चरित्रात ‘मेहलींचा अमेरिकेतला अभ्यास’ म्हणून नोंदलेली असतात. मुंबईतल्या घरात त्या वर्षांत दूध, फी, आजारपणं, सासर-माहेर कुणी पाहिलं हे वाचकाने आपलं आपण समजून घ्यायचं. नवरा बोटीवर किंवा आखातात, आणि बाई गावी दोन मुलं घेऊन उभी, हे आपल्या जिल्ह्यात अनेक घरांनी पाहिलंय. मला मेहलींबद्दल आदर आहे. पण तेहमिनाबाई जर म्हणाल्या असत्या की ‘परत या’, तर जगाला झुबिन मेहताचा बाप जसा मिळाला तसा मिळाला नसता, हेही तेवढंच खरं.

मेहली परत आले, पुन्हा ऑर्केस्ट्रा बांधायला लागले, आणि १९५५ मध्ये कायमचे गेले. आधी मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात, मग अमेरिकेत. लॉस एंजेलिसला त्यांनी १९६४ मध्ये तरुण मुलांचा वाद्यवृंद काढला आणि तो तीन दशकांहून जास्त चालवला. ज्या माणसाने परक्या शहरात हे तीस वर्षं टिकवलं, त्याला आपल्या शहरात ते का जमलं नाही?

उत्तर पगारात आहे. मुंबईच्या वाद्यवृंदात कुणाची खुर्ची अशी नव्हतीच. महिन्याच्या एक तारखेला पैसे येतील, म्हातारपणी काही मिळेल, असं काही नाही. कार्यक्रम ठरला की माणसं गोळा करायची. आपल्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यांकडे बघा ना. साचा काढणारा, जोड देणारा, रंग मारणारा आणि शेवटी डोळ्यांची आखणी करणारा, या प्रत्येकाचा हात वेगळा आणि प्रत्येकाशिवाय मूर्ती अपुरी. पण कारखाना चालतो तो ऑर्डर येते म्हणून. ऑर्डर नाही आली तर आखणीवाला दुसरीकडे जाणारच. त्याला दोष कसा द्यायचा?

मुंबईच्या वादकांना ऑर्डर आली ती सिनेमाकडून. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. त्या शाळांतून तयार झालेली पोरं पोटासाठी मुंबईला यायची. कागदावरचं संगीत बघताक्षणी वाजवणारी ही माणसं सिनेमाच्या स्टुडिओंना सोन्यासारखी वाटली. पन्नास-साठच्या दशकातल्या हिंदी गाण्यांमधली व्हायोलिनची ती लाट आठवा, तिच्यामागे हेच हात. दिवसा शिफ्टवर पैसे, संध्याकाळी जमलं तर सिम्फनी.

त्यातलेच एक माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. हो, तेच! ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन ज्यांचं नाव सांगतो ते. गाण्याला चाल लावणाऱ्या लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल लहानपणी यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते, म्हणून १९७७ च्या त्या गाण्यात गुरूंचं नाव आलं. पण गोन्साल्विसना स्वतःला सिनेमापेक्षा मोठं काही करायचं होतं. आपल्या रागांना सिम्फनीच्या वाद्यांत बसवायचं, सारंग रागावर अख्खी रचना लिहायची. १९५८ मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. स्टुडिओतले वादक, मागे कोरस, समोर मोकळं आकाश. एवढं सगळं जमून आलं, आणि पुढे? पुढे पैसा कुठला! १९६५ मध्ये गोन्साल्विसही शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेला गेले. परतल्यावर गोव्यात आपल्या गावी शांतपणे राहिले आणि २०१२ मध्ये गेले. त्यांचं नाव घेऊन वर्षानुवर्षं लोक लग्नात नाचले. त्यांच्या रचना ऐकलेले मात्र फार थोडे.

म्हणजे वाद्यवृंद दर वेळी एका माणसाच्या जिवावर उभा राहिला आणि तो माणूस बोटीत किंवा विमानात बसला की पांगला.

आता गंमत बघा. याच मुंबईत, याच काळात, एक गायनवृंद सुरू झाला आणि तो टिकला.

गायनवृंद, म्हणजे कॉयर, हे प्रकरण आधी समजून घेऊ. आपण बायका भजनी मंडळात गातो ते एका सुरात. वीस जणी असल्या तरी सूर एकच. कॉयरमध्ये तसं नसतं. उंच आवाजाच्या बायका एक ओळ गातात, खालच्या आवाजाच्या दुसरी. पुरुषांतले वरच्या आवाजाचे तिसरी, खर्जवाले चौथी. चारही ओळी वेगळ्या, पण एका वेळी गायल्या की एकमेकींत बसतात. त्याला हार्मनी म्हणतात. (गणपतीत आरतीच्या वेळी घरातले पंधराजण पंधरा पट्ट्यांत गातात, ती हार्मनी नव्हे. त्याला फक्त भक्ती म्हणावं.) ऐकायला सोपं वाटतं, पण शेजारणीचा सूर कानावर आदळत असताना आपला धरून ठेवायचा म्हणजे, शेजारच्या गॅसवर कुणी वेगळीच भाजी फोडणीला टाकत असताना आपल्या मिठाचा अंदाज न चुकवण्यासारखं आहे.

मुंबईत हे शिकवलं व्हिक्टर परांज्योती यांनी. पन्नासच्या दशकात त्यांनी ‘परांज्योती अकॅडमी कोरस’ उभारला. गाणारे सगळे हौशी. दिवसा आपापला नोकरीधंदा करणारे आणि संध्याकाळी सरावाला येणारे. परांज्योतींनी भारतीय सुरावटींवर चार आवाजांच्या रचना केल्या. ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ ही त्यांची रचना परदेशातले कॉयरही गातात. १९६७ मध्ये परांज्योती गेले. इथे ही गोष्ट संपायला हवी होती. आत्तापर्यंतचा अनुभव तसाच होता की नाही?

पण कोरसमधल्या कुमी वाडिया पुढे आल्या आणि सूत्रं हातात घेतली. बाई, आणि कंडक्टर! त्या काळी युरोपातही हे दृश्य दुर्मीळ होतं. व्हिएन्नाचा जगप्रसिद्ध फिलहार्मोनिक वाद्यवृंद घ्या. त्यांनी बाईला रीतसर सदस्य करून घेतलं ते १९९७ मध्ये. त्याआधी तिथे हार्प वाजवणारी बाई वर्षानुवर्षं बसत होती, वाजवत होती, पण सदस्य नव्हती. आणि इकडे मुंबईत १९६७ पासून एक पारशी बाई चाळीस-पन्नास माणसांपुढे उभी राहून त्यांचा श्वास कधी सुटायचा आणि कधी धरायचा हे हाताने सांगत होती. हे त्यांनी एक-दोन नाही, दशकानुदशकं केलं. युरोपचे दौरे केले, कितीतरी भाषांतली गाणी बसवली. लोक आले, लग्नं होऊन गेले, बदल्या झाल्या, परदेशी गेले. नवे आले, त्यांना पहिल्यापासून शिकवलं.

तसं पाहिलं तर बाईने पुढे उभं राहून गाणं चालवणं आपल्याला नवीन नाही. पेणकडच्या आगरी समाजातली धवलारीण आठवा. लग्नात विधी कुठला, कधी, हे तिच्या धवल्यांवर चालायचं. ती ओळ टाकणार, मागच्या बायका ती उचलणार. भटजीचं कामही तीच करायची. तिच्यापुढे कागद नाही, शाळा नाही. सगळं पाठ आणि एकीकडून दुसरीकडे दिलेलं. आता ती कला जाणणाऱ्या मोजक्याच उरल्यात, आणि लग्नात डीजे लागतो.

मग कॉयर टिकला आणि ऑर्केस्ट्रा का नाही? मला सुचतं ते असं. वाद्यवृंदाला पगार लागतो; गायनवृंदाला वेळ लागतो. वाद्य विकत घ्यावं लागतं, दुरुस्त करावं लागतं, आणि ते हातात बसायला दहा वर्षं लागतात. एवढी गुंतवणूक केलेला माणूस पोट भरायला बघणारच. आवाज मात्र देवाने फुकट दिलेला. पण संध्याकाळचा वेळ फुकट नसतो मैत्रिणींनो. तो कुणीतरी दिलेला असतो. सरावाला निघालेल्या बाईने कुकर लावून ठेवलेला असतो, किंवा सासूबाईंनी ‘जा गं, मी बघते’ म्हटलेलं असतं, किंवा नवऱ्याने एक दिवस वरणभात करायचं कबूल केलेलं असतं. जिथे हे जमतं तिथे गाणं टिकतं. म्हणूनच आपली भजनी मंडळंही टिकली, नाही का?

जाता जाता झुबिनचं सांगते. डॉक्टरकी अर्धवट सोडून हा मुलगा १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, व्हिएन्नाला गेला. मोठमोठे कंडक्टर तालीम कशी घेतात ते बघायचं होतं, पण तालमीला बाहेरच्यांना प्रवेश नाही. मग झुबिन आणि त्याचा मित्र क्लाउडिओ आबादो, दोघे चक्क तिथल्या गायनवृंदात खालच्या आवाजात गायला दाखल झाले. गाता गाता समोरच्या हातांचा अभ्यास! पुढे दोघेही जगातले मोठे संचालक झाले.

पगाराची खुर्ची मुंबईत आली ती थेट २००६ मध्ये. नरिमन पॉइंटच्या एन.सी.पी.ए.ने ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन केला. (१९६९ मध्ये सुरू झालेली ही संस्था मराठी वाचकाला परकी नाही. आपले पु.ल. तिथे मानद संचालक होते.) खुशरू सनटूक यांच्या पुढाकाराने हे झालं, आणि संगीत दिग्दर्शक म्हणून कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह आले. पण वादक? ते पुन्हा बाहेरूनच आणावे लागले. सुरुवातीला बरेचसे कझाकस्तानचे, भारतीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लोकांनी नावं ठेवली, की नाव ‘ऑफ इंडिया’ आणि माणसं परदेशची. टीका खोटी नव्हती. पण सत्तर वर्षं कुणी खुर्च्याच मांडल्या नाहीत तर त्यांवर बसणारे गावातून तयार होणार कसे? उशिरा का होईना, २०१२ पासून तिथे लहान मुलांना शिकवायला सुरुवात झाली. त्याआधी १९९५ पासून मेहलींच्या नावाची संस्थाही मुंबईत मुलांना वाद्यं आणि समूहगायन शिकवतेय. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये झुबिन मेहता या वाद्यवृंदापुढे पहिल्यांदा उभे राहिले, वयाच्या ८७ व्या वर्षी.

हे सगळं मुंबईत. कोकण रेल्वे सुरू होते आपल्या रोह्यापासून आणि जाते गोव्याला. म्हणजे एका टोकाला वाद्यवृंद, दुसऱ्या टोकाला वादकांची गावं, आणि मध्ये आपण. पण पेणच्या एखाद्या मुलीला चेलो शिकायचा म्हटला तर? नुसता कार्यक्रम ऐकायचा म्हटला तरी संपायला रात्रीचे नऊ वाजतात आणि मुंबईत कुणाकडे तरी मुक्कामाची सोय बघावी लागते. वाद्याचं सोडूनच द्या.

म्हणून आम्ही आवाजापासून सुरुवात केलीये. आमच्या पेणच्या भजनी मंडळात एक अभंग दोन सुरांत म्हणून बघायचा ठरवला. निम्म्या जणी षड्जावरून, निम्म्या गंधारावरून, एवढंच. पहिल्या दिवशी दुसऱ्या ओळीला सगळ्या एकाच सुरात. ‘अगं, तिचा सूर बरा वाटला म्हणून गेले,’ असं एका काकूंनी प्रामाणिकपणे सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात पाठीला पाठ लावून बसवलं. एका मावशींनी कानात बोट घालून गायलं, आणि त्यांचाच सूर सर्वांत पक्का राहिला. तिसऱ्या आठवड्यात चार ओळी शेवटपर्यंत वेगळ्या राहिल्या. शेवटचा सूर थांबला तेव्हा कुणी काही बोललंच नाही; मग एक वहिनी हळूच म्हणाल्या, ‘परत म्हणू या का?’

येत्या गुरुवारी मात्र सराव नाही. तिघींच्या पापडांच्या ऑर्डरी आहेत आणि एकीची नणंद बाळंतपणाला आलीये. त्यापुढच्या गुरुवारी दुपारी तीनला, कुकर लावून.